‘काऊन सांगून राहिले असतील बाप्पा?’ : टीव्हीवर अवघड दुखणी सांगणाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धंतोलीतल्या एका सर्जनच्या दवाखान्यात मी सोळा वर्षांपासून काउंटर सांभाळते. मूळव्याध, भगंदर, फिशर (गुदद्वाराला पडणारी चीर), हर्निया, हायड्रोसील (अंडकोषात साचणारं पाणी), छातीतली गाठ. आमच्याकडे येणारं बहुतेक दुखणं कपड्याआडचं. वेटिंगमध्ये बसलेली माणसं मोबाइलवर ते परदेशी कार्यक्रम बघतात, ज्यात कोणी कॅमेऱ्यासमोर शर्ट वर करतं, कोणी सरळ टेबलावर आडवं होतं. मग काउंटरवर येऊन मला विचारतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचे लिहून काढले. पेशंटची उदाहरणं आहेत तिथे गाव, वय, नातं सगळं बदललंय. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय भाग आमच्या सरांनी वाचून दिलाय, मतं माझी.

या लोकांना लाज नाही वाटत काय?

वाटते. आवाज बंद करून बघा. एक हात बाहीचं टोक पिळत असतो, हसू नको तिथे येतं, डोळे डॉक्टरच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी लागलेले असतात. आमच्या काउंटरवर दिवसाला वीसदा दिसतं ते हेच. हा प्रश्न विचारणाऱ्यांतले निम्मे जण स्वतः ‘पोटाचं आहे’ सांगून केसपेपर काढतात आणि आत गेल्यावर कळतं की दुखणं पोटाच्या बरंच खाली आहे.

आपल्याकडे म्हण आहे : अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. या म्हणीत दुखणं बरं होण्यासारखं आहे, डॉक्टरही घरातच आहे. अडलंय ते जावयापाशी. उद्या त्याच माणसाला पंगतीत वाढायचंय, दिवाळीला ओवाळायचंय. जो पुन्हा कधी भेटणार नाही, त्याच्यासमोर तीच जागा उघडी करायला एवढं जड जात नाही.

हे मी रोज बघते. यवतमाळहून, वणीहून लोक येतात. तिथे सर्जन नाहीत असं थोडंच आहे? पण तिथल्या दवाखान्याचा कंपाउंडर चुलत मेव्हण्याचा मित्र निघतो. आणि आमचे नागपूरवाले? ते ‘जरा कामानिमित्त’ हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून येतात.

एक बाई आठवतात. पन्नाशीच्या असतील, वहिनीसोबत आल्या होत्या. कालनिर्णयच्या फाटक्या पानाची घडी त्यांनी काचेखालून सरकवली. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं, ‘संडासच्या जागी कोंब आहे. सात वर्ष झाले. वहिनीला सांगू नका.’ सात वर्षं एका घरात राहून वहिनीला पत्ता नाही. ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले तर याच बाई शेजारच्या पलंगावरच्या, गोंदियाकडच्या अनोळखी बाईला सगळं सांगत होत्या. किती रक्त जायचं, कसं बसायच्या, लग्नकार्यात काय काय बहाणे करायच्या. पहिल्या तासातच. वहिनी तेव्हा चहा आणायला खाली गेली होती.

गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच हे लिहून ठेवलंय : परक्या माणसापाशी लोक अशा गोष्टी मोकळ्या करतात ज्या जवळच्यांपासून जपून लपवलेल्या असतात. १९७० च्या दशकात झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञाने बोस्टनच्या विमानतळावर प्रयोग केला. विमानाची वाट बघत बसलेल्यांना आधी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायच्या आणि मग त्यांनाही स्वतःबद्दल लिहायला सांगायचं. दाखवलेल्या ओळी जितक्या खासगी, तितकंच उत्तरही खासगी यायचं. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्याला यासाठी बोस्टन गाठायची गरज नाही. बडनेरा येईपर्यंत समोरच्या बर्थवाल्याची बायपास, मुलीचा घटस्फोट आणि शुगरचा आकडा आपल्याला पाठ झालेला असतो.

टीव्हीचा कॅमेरा हा असाच समोरच्या बर्थवरचा माणूस. त्याच्यामागे लाखो लोक आहेत हे डोक्याला कळतं, पण त्या क्षणी खोलीत असतात दोन-चार अनोळखी माणसं. आणि त्यांना दिवाळीला ओवाळायचं नसतं.

हे कार्यक्रम नेमके कोणते?

सगळ्यात गाजलेला ब्रिटनच्या चॅनल फोरचा ‘एम्बॅरसिंग बॉडीज’. २००७ मध्ये जरा वेगळ्या नावाने सुरू झाला. क्रिश्चन जेसन, पिक्सी मॅकेना आणि डॉन हार्पर हे तीन डॉक्टर. त्यांचा फिरता दवाखाना गावोगावी जायचा, लोक येऊन सांगायचे, दाखवायचे. घोषवाक्याचा अर्थ साधारण असा : लाज कसली, आपण सगळे सारखेच. २०११ पासून काही पेशंट घरूनच वेबकॅमवर दिसायला लागले. अमेरिकेत टीएलसी वाहिनीवर २०१२ मध्ये अतिलठ्ठ माणसांचा आणि २०१८ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ सँड्रा ली यांचा गाठी-फोडांचा कार्यक्रम सुरू झाला. ली बाई त्याआधीच यूट्यूबवर प्रसिद्ध होत्या. आमच्या वेटिंगमध्ये सगळ्यात जास्त चालतात त्या याच. पुढच्या खुर्चीवरचा कण्हतोय आणि मागच्या खुर्चीवरचा फोड फुटताना बघतोय, हे दृश्य मला अजून सवयीचं झालेलं नाही.

पैशासाठीच करत असतील ना?

काही जण करतही असतील. पण पैशापेक्षा उपचाराचं आमिष मोठं असतं. अमेरिकेत विमा नसेल तर साधं ऑपरेशनही घर विकायला लावू शकतं. ब्रिटनमध्ये सरकारी उपचार फुकट, पण तज्ज्ञाकडे पोचायला थांबावं लागतं, आणि त्याआधी फॅमिली डॉक्टरला पटवावं लागतं की हे खरंच काहीतरी आहे. अशा माणसाला टीव्हीवाले म्हणाले की उद्या तज्ज्ञ बघेल, तर हिशेब सोपा होतो : दहा वर्षांचा त्रास एका पारड्यात, दहा मिनिटांची लाज दुसऱ्या.

आपल्याकडे लोक मंत्र्याच्या जनता दरबारात सगळ्यांसमोर आजाराची फाइल उघडून उभे राहतात, तेव्हा आपण ‘लाज नाही काय’ विचारत नाही. गरजू आहे बिचारा, म्हणतो.

डॉक्टरला सांगत नाहीत आणि कॅमेऱ्याला सांगतात, हे कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण याचं उत्तर काउंटरवरून दिसतं.

कोणत्याही गर्दीच्या ओपीडीत उभे राहून बघा. टेबलासमोर एक पेशंट, त्याच्या खांद्यावरून वाकलेला दुसरा, दारात तिसरा, आणि ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणत घुसलेला चौथा. अशात पहिल्याने काय सांगावं? तो म्हणतो, ‘जरा गॅसेस होतात.’ गोळ्या घेऊन निघतो. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता : डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत माणूस खोकला सांगू शकतो. लघवी कपड्यात होते, हे सांगायला आधी दोन मिनिटं नुसतं गप्प बसावं लागतं.

म्हणून खरं दुखणं बाहेर पडतं ते निघताना. कागद घडी करून खिशात, एक पाय चपलेत, हात दारावर, आणि मग, ‘डॉक्टर, अजून एक होतं...’ आमचे सर आता शिकलेत. कोणी चप्पल शोधायला जास्त वेळ लावला की ते पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘बसा की अजून दोन मिनिटं.’

टीव्हीवर हेच तयार मिळतं. डॉक्टर समोर बसतो, नावाने हाक मारतो, मध्येच फोन घेत नाही, पुढच्या पेशंटची घाई नाही. ते सगळं कॅमेऱ्यासाठी मांडलेलं असतं, मान्य. पण बोलणाऱ्याला मिळणारं लक्ष खोटं नसतं. वर्षानुवर्षं ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’, ‘वयामुळे होतं’, ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ ऐकत आलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी ‘कधीपासून?’ विचारून उत्तराची वाट बघत थांबतं. मग तिथे कॅमेरा आहे की नाही हे तिच्या लेखी दुय्यम असेल, असं मला वाटतं.

दुसरं असं की टीव्हीवर बोलणाऱ्याच्या बाबतीत पहिलं पाऊल दुसऱ्या कोणीतरी टाकलेलं असतं. कार्यक्रमाचं नावच सांगतं की इथे अवघड दुखण्यांचं काम चालतं. आमच्या दारावर नुसतं ‘जनरल सर्जन’ लिहिलंय. दोनच दारं सोडून एका वैद्यांनी ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ असा मोठा लाल बोर्ड लावलाय. त्यांच्याकडे कोणाला ‘पोटाचं आहे’ म्हणावं लागत नाही, हे कबूल करायला हवं. अर्थात त्या जिन्यावर चढताना कोणी बघेल ही धास्ती तेवढी वाढते.

बिग बॉसमध्ये एका बाईला कॅन्सर असल्याचं कळलं होतं, ते खरं काय?

खरं. आणि ते आपल्या लोणावळ्यात घडलं.

जेड गुडी ही ब्रिटनची. २००२ मध्ये तिकडच्या बिग ब्रदरमधून प्रसिद्ध झाली, म्हणजे खरं तर चेष्टेचा विषय झाली. २००७ मध्ये त्याच घरात शिल्पा शेट्टीशी वांशिक भाषेत भांडली आणि दोन देशांचा राग ओढवून घेतला. ऑगस्ट २००८ मध्ये ती हिंदी बिग बॉसच्या दुसऱ्या पर्वात आली, ज्याची सूत्रसंचालक स्वतः शिल्पा शेट्टी होती. एक-दोन दिवसांत लंडनहून फोन आला : गर्भाशयमुखाचा कर्करोग. तिने घर सोडलं. म्हणजे हे तिने ‘टीव्हीवर सांगितलं’ असं नाही, कॅमेरे आधीपासून होते आणि बातमी नंतर आली. पुढचा निर्णय मात्र तिचा. केस गेलेलं डोकं, लग्न, शेवटचे महिने, सगळं तिने चित्रित होऊ दिलं, आणि उघड सांगितलं की मिळणारे पैसे दोन मुलांसाठी आहेत. २२ मार्च २००९ ला ती गेली. वय २७.

पुढे इंग्लंडमधले आकडे तपासले तेव्हा दिसलं की २००८ च्या मध्यापासून वर्षभरात नेहमीपेक्षा चार लाखांहून जास्त बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली होती. नंतर ती लाट ओसरली. पण त्या चार लाखांत काही जणींचं वेळेवर सापडलं असणारच.

भारतात बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग. सुरुवातीला दुखत नाही. तपासणी पाच-दहा मिनिटांची, आणि तिशीनंतर सरकारी यंत्रणेतही होते : गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावून रंग बदलतो का बघतात. आमच्या वेटिंगमध्ये बिग बॉसचं प्रत्येक पर्व पाठ असलेल्या बायका आहेत. ही तपासणी करून घेतलेल्या किती, असं मी विचारायला लागले की सगळ्या पंख्याकडे बघतात.

एकाने सांगितल्याने बाकीच्यांना खरंच फरक पडतो?

पडतो, पण टिकत नाही. केटी कूरिक या अमेरिकी वृत्तनिवेदिकेचा नवरा ४२ व्या वर्षी आतड्याच्या कर्करोगाने गेला. २००० मध्ये तिने स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टीव्हीवर दाखवली. त्यानंतर तिकडे ही तपासणी करून घेण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढलं आणि वाढ काही महिने टिकली. आपल्याकडे अमिताभ बच्चन यांनी आपल्याला टीबी झाला होता आणि हेपटायटिस बी मुळे यकृताचा बराचसा भाग निकामी झालाय, हे जाहीर सांगितलं. दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये नैराश्याबद्दल सांगितलं. टीबीची फाइल पिशवीत उलटी घालून फिरणाऱ्या माणसाला ‘बच्चनलाही झाला होता’ हे वाक्य फार उपयोगी पडतं. ते मी स्वतः वापरते.

पण मोठी माणसं कोणती दुखणी सांगतात तेही बघा. टीबी, कर्करोग, नैराश्य. भगंदर झाल्याचं कोणा नटाने सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ती जागा साध्या माणसांनीच भरून काढली, म्हणून मला त्या कार्यक्रमांबद्दल थोडा आदर आहे. नाक मुरडूनही आहे.

असं उघड बोलणं आपल्या संस्कृतीत नव्हतंच ना?

हे वाक्य प्रश्नाच्या रूपात येतं, पण विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं. त्यात वाचक पत्रं पाठवून लैंगिक अडचणी विचारायचे आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. त्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे ही गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत असायला हवी. मला ती चाळिशीत कळली.

पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून एका इंग्रजी दैनिकात असंच सदर चालवलं, नव्वदी उलटल्यावरही. म्हणजे विचारणारे शंभर वर्षांपासून आहेत. पत्रात नाव झाकलेलं असायचं, टीव्हीवर तोंड दिसतं, फरक एवढाच. माझ्या मते मात्र तो मोठा फरक आहे. पत्र लिहिणाऱ्याला फक्त उत्तर हवं असतं. तोंड दाखवणाऱ्याला बहुधा आणखीही काही हवं असतं : लपवण्याचा कंटाळा संपवायचा असतो. एकदा सगळ्यांनाच कळलं की कोणाकोणापासून लपवायचं, हा रोजचा हिशेब तरी सुटतो.

नागपुरात असा कार्यक्रम काढला तर लोक येतील काय?

दुखण्यांची कमी पडणार नाही.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे पोरं येतात ती अशी तक्रार घेऊन, ‘गुपचूप तोंडात जात नाही.’ बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पाणीपुरीला गुपचूप म्हणतात. पाच-सात वर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाल्ला की सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं. आधी तर्रीपोह्याची तर्री झोंबायला लागते. नागपुरी माणसाला तर्री झोंबते म्हणजे गडबड आहे, हे खरं तर तिथेच कळायला पाहिजे. मग तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर स्वतःची बोटं उभी तोंडात घालायला सांगतात. साधारण तीन बोटं जायला हवीत. एकाची जेमतेम दीड गेली. बावीस-तेवीस वर्षांचा. घरी कसं कळलं नाही, विचारलं तर म्हणाला, ‘वरण-भात कालवून खातो, कोणाला समजत नाही.’ पुढे कर्करोगाची शक्यता वाढवणारी ही अवस्था आहे. मित्रांसमोर एक गुपचूप अर्धं तोडून खावं लागलं तेव्हा तो दवाखान्यात आला.

दुसरं, हायड्रोसील. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. घाण साचलेल्या पाण्यातला क्युलेक्स डास चावतो, जंत लसिकावाहिन्यांत घर करतात, वर्षानुवर्षं काही कळत नाही. पायावर आलं तर जगाला दिसतं, अंडकोषावर आलं तर झाकता येतं. प्रत्येक हायड्रोसील हत्तीरोगाचंच असतं असं नाही, पण या भागात शंका घ्यावीच लागते. या जंतांची पिल्लं रक्तात रात्री जास्त सापडतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघरी जाऊन बोट टोचून रक्त घेतात. रात्री दार वाजलं की लोक त्यांच्यावर खेकसतात. गोळ्यांच्या मोहिमेत समोर गिळायच्या गोळ्या मुठीत धरून मागच्या दाराने फेकतात. आणि मग एखादा शेतकरी आमच्याकडे येतो, गुडघ्यापर्यंतचा ढगळा सदरा घालून. पंधरा वर्षांपासून सायकल सोडलेली. बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही. ऑपरेशन लहानसं असतं. घरी जाताना एकाने मला विचारलं होतं, ‘आता पँट शिवली तर चालते न जी?’

हे लोक टीव्हीवर येतील? खरं सांगू, मला वाटतं येतील. ‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा कोणाला वाटलं होतं की सुना सासूसमोर भावोजींना मनातलं सांगतील? पण एक अडचण आहे. लंडनच्या माणसाला शेजारी विसरतात. आपल्याकडे महाल भागातल्या वाड्यात एकाने टीव्हीवर सांगितलं की इतवारीपर्यंत सगळी नाती जोडून होतात, ‘अरे तो, हायड्रोसीलवाल्याचा पुतण्या.’

म्हणजे एकाने सांगितलं तर घरादाराचं उघडं पडतं?

काही आजारांत, हो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे एका भावाने कॅमेऱ्यासमोर ‘मला सिकलसेल आहे’ सांगितलं की त्याने आईवडिलांचं रक्तही सांगितलं आणि बहिणीच्या लग्नाची बोलणीही. उघड बोलू नये असं मी म्हणत नाही. लग्नाआधी तपासणी व्हावी म्हणून उलट बोललंच पाहिजे. पण त्या बहिणीला आधी विचारा.

माझ्या वडिलांचा व्हिडिओ एका चॅनलवाल्याला हवाय. देऊ काय?

वडिलांना विचारा. त्यांच्या माघारी तुम्ही ‘हो’ म्हणू नका, तुम्ही फी भरत असलात तरी.

डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेचं बंधन आहे : पेशंटची गोपनीयता पाळायची, परवानगीशिवाय ओळख पटेल असे फोटो छापायचे नाहीत. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हेही २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. पण तुम्ही स्वतःच सही करून दिलीत तर यातलं बरंचसं संरक्षण तुम्हीच सोडून देता. म्हणून सहीआधी तीन गोष्टी वाचा : किती वर्षं दाखवणार, कुठे कुठे दाखवणार, आणि तुम्ही नंतर ‘नको’ म्हणालात तर काय. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. ‘फॉर्मालिटी आहे, काका’ म्हणणाऱ्याला काका म्हणू देऊ नका.

आणि टीव्हीचं पूर्वी बरं होतं. एकदा दाखवलं, संपलं. आता तीस सेकंदांचा तुकडा निघतो आणि नातवाच्या शाळेतल्या ग्रुपवर फिरतो.

केबलवर ‘डॉक्टरांना फोन करा’ लागतं, तेही असंच काय?

नाही. त्यातले बरेचसे वेळ विकत घेऊन केलेल्या जाहिराती असतात. ठरावीक आजारांवर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ‘चमत्कारी’ औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि त्यात नेमकी लैंगिक दुर्बलतेसारखी लाजेची दुखणी येतात. लाजऱ्या माणसाला लुटणं सोपं, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं. ‘शंभर टक्के गॅरंटी’ ऐकू आली की चॅनल बदला.

नंतर पस्तावा होत नसेल?

काहींना होतो. पण ज्यांना आधीच नको वाटलं ते तुम्हाला पडद्यावर दिसतच नाहीत, आणि ज्यांना नंतर नको वाटलं त्यांना पुन्हा कोणी बोलावत नाही. त्यामुळे टीव्ही बघून ‘सगळे किती मोकळे’ असं वाटणं म्हणजे फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊन ‘नागपुरात कोणी घरी बसतच नाही’ म्हणण्यासारखं आहे.

आणि आपण का बघतो हे?

किळस, कुतूहल, आणि ‘आपलं एवढं नाही’ हा दिलासा. कधी कधी ‘आपलंही असंच आहे’ हा. शेवटचे बघणारे इअरफोन लावून, स्क्रीन छातीशी धरून बघतात. ते मला काउंटरवरून ओळखू येतात.

मला टीव्हीवर जायचं नाही. पण डॉक्टरलाही सांगता येत नाही. काय करू?

पहिलं वाक्य घरी पाठ करा. ‘मला लाज वाटतेय, पण सांगायचं आहे’ एवढं पुरतं. डॉक्टर पुढचं विचारतो. शब्द सुचत नसतील तर घरात वापरता तेच वापरा. शी, शू, खालची जागा, काहीही चालतं. आमच्या सरांना ‘बुडाशी आग होऊन राहिली’ लॅटिनपेक्षा लवकर समजतं. गाठ कधी येते कधी जाते अशी असेल तर ती असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि तो फोटो गॅलरीतून आपोआप घरच्यांच्या टॅबवर जाणार नाही हे बघा. एका काकांचा गेला होता.

दार लावून घ्या म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. सोबत आलेल्याला बाहेर थांबवायचाही. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर खोलीत दुसरी बाई असावी, असं बायका मागू शकतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत ते आहे. काउंटरवर आजार सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांशीच बोलायचंय’ म्हटलं की मी केसपेपरवर तेवढंच लिहिते. रक्त जात असेल, गाठ वाढत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तर मात्र लाजेला पुढची तारीख देत बसू नका.

आणि काहीच जमलं नाही तर चिठ्ठी आणा. कालनिर्णयचं पान चालतं. वाचून झाली की मी ती तुमच्यासमोर फाडते. घरून लिहून आणायची विसरलात तर कागद काउंटरवर मिळतो. पेनही आहे, पण ते दोरीने बांधलेलं आहे, त्यामुळे लिहिताना जरा वाकावं लागतं.